मोबाइलवर जाहिरातींचा भडिमार? फोन बिघडला नाही, आधी ‘अलाउ’ कुठं दाबलं ते शोधा

चांदूर रेल्वे : सातबारा पाहायला मोबाइल हाती घ्यावा आणि आधी चार जाहिराती बंद कराव्या लागाव्यात, हा घुईखेड असो की आमला विश्वेश्वर, सगळीकडचा रोजचा अनुभव झाला आहे. कुठं झटपट कर्ज, कुठं ऑनलाइन रमी, तर कुठं ‘तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस सापडले’ असा लाल इशारा. फोन खिशात असला तरी टिंग टिंग सुरूच. “काहीच केलं नाही बा, आपोआपच येऊन रायल्या,” अशी तक्रार घेऊन लोक मोबाइलच्या दुकानात जातात. तिथं ‘फॉरमॅट मारावा लागते’ असं ऐकून पैसे देतात, वर फोटो आणि नंबर गमावून घरी येतात.

खरं तर यातल्या बहुतेक वेळा फोन बिघडलेला नसतो. कधीतरी, कुठंतरी, घाईत ‘अलाउ’ दाबलं गेलेलं असतं. ती परवानगी काढून घेतली की जाहिरात थांबते. हे काम घरी बसून, फुकटात आणि दहा मिनिटांत होतं. फक्त जाहिरात कुठून येते ते आधी ओळखावं लागतं, कारण प्रत्येक वाटेचा उपाय वेगळा आहे.

जाहिरात येण्याच्या चार वाटा

१. फोन वापरत नसतानाही वरच्या पट्टीत टिंग वाजून जाहिरात येते : ही बहुतेक वेळा ब्राउझरमधल्या नोटिफिकेशनची वाट.

२. एखादी साइट उघडल्यावरच जाहिरात येते, नवं पान उघडतं, बॅक दाबूनही बाहेर पडता येत नाही : ही पॉप-अपची वाट.

३. फोनवर कुठलंही काम करताना, फोन उघडताना किंवा कॉल संपल्यावर पूर्ण पडदाभर जाहिरात येते : ही एखाद्या अ‍ॅपची वाट.

४. लॉक असलेल्या पडद्यावर रोज नवे फोटो-बातम्या येतात, सेटिंग्ज किंवा फाइल मॅनेजरमध्येही जाहिराती दिसतात : ही फोन कंपनीनं स्वतः ठेवलेली वाट.

वाट पहिली : नोटिफिकेशन

सगळ्यात जास्त त्रास हिचाच. एखादी साइट उघडली की ‘ही साइट तुम्हाला नोटिफिकेशन पाठवू इच्छिते’ असा चौकोन येतो. खाली दोन बटणं असतात, ‘अलाउ’ आणि ‘ब्लॉक’. घाईत बोट ‘अलाउ’वर जातं. काही साइट तर फसवूनच दाबून घेतात. ‘तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाउ दाबा’, ‘व्हिडिओ पाहायला अलाउ दाबा’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. रोबोट नसल्याची खरी तपासणी कधीही नोटिफिकेशनची परवानगी मागत नाही. तशी मागितली की समजावं, डाव आहे.

एकदा परवानगी मिळाली की ती साइट बंद असली तरी जाहिराती येत राहतात. फोन बंद-चालू करून किंवा हिस्ट्री पुसून त्या थांबत नाहीत, कारण परवानगी तशीच राहते.

उपाय असा :

– जाहिरातीची नोटिफिकेशन आली की ती उघडू नका. तिच्यावर बोट दाबून धरा. ती क्रोममधून आली की दुसऱ्या अ‍ॅपमधून, ते दिसतं. क्रोमची असेल तर साइटचं नावही दिसतं. तिथंच ‘अनसबस्क्राइब’ किंवा सेटिंग्जचं बटण असेल तर ते वापरून बंद करा.

– सगळ्या एकदम काढायच्या असतील तर क्रोम उघडा, उजवीकडच्या तीन ठिपक्यांवर दाबा, ‘सेटिंग्ज’, मग ‘साइट सेटिंग्ज’, मग ‘नोटिफिकेशन्स’. परवानगी दिलेल्या साइटची यादी तिथं दिसेल. अनोळखी नावं एकेक करून ब्लॉक करा.

– कुठल्याच साइटची नोटिफिकेशन नको असेल तर त्याच पानावरचं वरचं बटण बंद करा. पुढं कुठलीच साइट विचारणार नाही. व्हॉट्सअ‍ॅप, बँक, फोनपे यांच्या नोटिफिकेशनवर याचा काही परिणाम होत नाही, कारण ती वेगळी अ‍ॅप आहेत.

हा त्रास जगभरचा आहे. म्हणून गुगलनं २०२० पासून क्रोममध्ये हा प्रश्न विचारण्याची पद्धत सौम्य केली. ज्या साइट वापरणारा उघडतच नाही पण ज्या नोटिफिकेशनचा मारा करतात, त्यांची परवानगी क्रोम आपोआप काढेल, असं गुगलनं ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलं. पण याचा फायदा ब्राउझर अपडेट असेल तरच मिळतो. वर्षानुवर्षं प्ले स्टोअरमधून क्रोम अपडेट न केलेल्यांना जुनाच त्रास राहतो.

वाट दुसरी : पॉप-अप आणि पळवून नेणारी पानं

पॉप-अप जाहिरात १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या ट्रायपॉड नावाच्या साइटवर जन्मली. तिचा कोड लिहिणारे ईथन झुकरमन यांनी २०१४ मध्ये एका लेखातून त्याबद्दल जाहीर माफीही मागितली. माफी मागून झाली, जाहिराती मात्र वाढतच गेल्या.

सातबारा, बाजारभाव, निकाल, भरती असं काही शोधलं की खासगी साइट वर येतात. पानावर ‘डाउनलोड’ लिहिलेली तीन-चार हिरवी बटणं असतात. त्यातलं एखादंच खरं, बाकीच्या जाहिराती. काही जाहिरातींवरची फुलीसुद्धा खोटी असते. ती बंद करायला दाबली की उलट नवं पान उघडतं.

अशा वेळी :

– फुली शोधत बसू नका. ब्राउझरमधल्या चौकोनावर, म्हणजे उघडलेल्या पानांचा आकडा दिसतो तिथं, दाबा आणि ते पानच बाजूला सारून बंद करा.

– पान बंदच होत नसेल तर फोनच्या ‘सेटिंग्ज’मधून ‘अ‍ॅप्स’, ‘क्रोम’, ‘फोर्स स्टॉप’ करा. यानं काही पुसलं जात नाही.

– क्रोमच्या ‘साइट सेटिंग्ज’मध्ये ‘पॉप-अप्स अँड रीडायरेक्ट्स’ आणि ‘इंट्रुसिव्ह अ‍ॅड्स’ असे दोन पर्याय आहेत. दोन्ही ‘ब्लॉक्ड’ आहेत का ते तपासा. फारच त्रासदायक जाहिराती दाखवणाऱ्या साइटवरच्या जाहिराती क्रोम २०१८ पासून स्वतःहून अडवतो. मात्र सगळ्या जाहिराती तो अडवत नाही.

‘फोनमध्ये व्हायरस सापडले, लगेच हे अ‍ॅप टाका’ हा इशारा शंभर टक्के खोटा समजावा. कुठलीही साइट तुमचा फोन आतून तपासू शकत नाही. तो इशारा फोनचा नसून जाहिरातीचं चित्र असतं. ‘तुम्ही आजचे भाग्यवान विजेते’चं चाक फिरतं, तेही तसंच. चाक कुणीही फिरवलं तरी बक्षीस लागतंच, आणि मग ‘पाठवण्याचा खर्च’ म्हणून पैसे मागतात.

वाट तिसरी : अ‍ॅप

टॉर्च, फोन क्लीनर, बॅटरी सेव्हर, फोटो सजवणारी, मोफत रिंगटोनची अ‍ॅप : यातली काही टाकताना ‘दुसऱ्या अ‍ॅपवर दिसण्याची’ परवानगी मागतात. ती दिली की जाहिरात कशावरही येऊन बसते. टॉर्चसाठी वेगळं अ‍ॅप लागतच नाही, ती फोनमध्येच असते.

दोषी अ‍ॅप शोधायची सोपी युक्ती : पडदाभर जाहिरात आली की ती तशीच ठेवून ‘रिसेंट’चं बटण दाबा, म्हणजे उघडलेली अ‍ॅप दाखवणारं. ज्या अ‍ॅपची जाहिरात आहे त्याचं नाव किंवा चिन्ह बहुतेक वेळा वर दिसतं. त्यानं काम झालं नाही तर फोनच्या ‘सेटिंग्ज’मध्ये शोधाच्या चौकटीत ‘डिस्प्ले ओव्हर अदर अ‍ॅप्स’ असं टाका. ही परवानगी कुणाकुणाला आहे ती यादी येईल. अनोळखी अ‍ॅपची परवानगी बंद करा आणि ते अ‍ॅपच काढून टाका.

‘अनइन्स्टॉल’चं बटणच दाबलं जात नसेल तर त्या अ‍ॅपनं जास्तीचा अधिकार घेतला आहे. सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’ शोधा, त्या अ‍ॅपसमोरची खूण काढा, मग अ‍ॅप काढा. जाहिराती कामच करू देत नसतील तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करा. बहुतेक फोनमध्ये पॉवरचं बटण दाबून धरल्यावर पडद्यावर ‘पॉवर ऑफ’ येतं. त्यावर बोट दाबून धरलं की सेफ मोड विचारतो. या मोडमध्ये आपण टाकलेली अ‍ॅप चालत नाहीत, त्यामुळे शांतपणे काढता येतात. नंतर फोन पुन्हा चालू केला की नेहमीसारखा होतो.

शेवटी प्ले स्टोअर उघडा, वर आपल्या फोटोवर दाबा, ‘प्ले प्रोटेक्ट’मध्ये जाऊन ‘स्कॅन’ करा. प्ले प्रोटेक्ट कायम सुरू ठेवा. जो कुणी फोनवरून ‘आधी प्ले प्रोटेक्ट बंद करा’ असं सांगतो, तो भामटाच समजा.

वाट चौथी : फोन कंपनी

स्वस्त फोन काही प्रमाणात जाहिरातींच्या जोरावर स्वस्त असतात. इथं व्हायरस नसतो, पण बंद करायची सोय मात्र आत दडलेली असते. लॉक पडद्यावर रोज बदलणारी चित्रं बहुतेक वेळा ‘ग्लान्स’ची असतात. सेटिंग्जमध्ये ‘लॉक स्क्रीन’ किंवा ‘वॉलपेपर’च्या पानावर ती बंद करता येतात. रेडमी, पोको फोनमध्ये शोधाच्या चौकटीत ‘ऑथोरायझेशन’ टाकून ‘ऑथोरायझेशन अँड रिव्होकेशन’मध्ये जा आणि ‘एमएसए’ बंद करा. बंद करताना दहा सेकंद थांबवतात, नेट चालू असावं लागतं. पहिल्यांदा झालं नाही तर पुन्हा करा. इतर कंपन्यांच्या फोनमध्ये शोधाच्या चौकटीत ‘रेकमेंडेशन’ टाकून पाहा.

कटकट कुठं संपते, लुबाडणूक कुठं सुरू होते

फक्त जाहिरातींचा त्रास असता तर रोजचा दीड जीबी डेटा लवकर संपला, एवढ्यावर भागलं असतं. पण याच वाटेनं बँक खात्यापर्यंत पोहोचणारे लोक आहेत, आणि त्यांना गावातल्या माणसाचं वेळापत्रक नीट ठाऊक असतं.

पीएम किसानचे वर्षाला ६ हजार आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान योजनेचे आणखी ६ हजार. हप्ता यायची वेळ झाली की ‘हप्ता अडकला, केवायसी करा’ असे मेसेज आणि ‘पीएम किसान’ नावाच्या एपीके फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतात. एपीके म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून टाकायचं अ‍ॅप. अशी बनावट फाइल टाकली की ती मेसेज वाचायची परवानगी मागते. मग बँकेचा ओटीपी भामट्याला तुमच्या आधी दिसतो. लग्नाची पत्रिका, आरटीओचं चलान अशा नावांनीही ह्याच फाइल येतात. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ म्हणून येते, एपीके म्हणून कधीच येत नाही.

लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली, तेव्हा शोधताना खऱ्यासोबत बनावट साइटही समोर येत असल्याच्या बातम्या आल्या. आधार आणि बँकेची माहिती तिथं भरली असती तर ती थेट दुसऱ्याच्या हाती गेली असती.

तिसरं उदाहरण गाडीच्या नंबर प्लेटचं. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना एचएसआरपी पाटी सक्तीची झाली आणि तिच्या नोंदणीच्याही बनावट साइट निघाल्या. राज्यानं ठरवलेला दर दुचाकी आणि ट्रॅक्टरला ४५० रुपये, तीनचाकीला ५००, चारचाकीला ७४५, आणि वर जीएसटी. दर माहीत असला की जास्त मागणारा लगेच ओळखू येतो.

या तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. लोक गुगलवर शोधतात आणि जे सगळ्यात वर दिसतं त्यावर दाबतात. पण सगळ्यात वर बरेचदा ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘प्रायोजित’ असं बारीक लिहिलेलं असतं. म्हणजे ती पैसे देऊन लावलेली जाहिरात आहे, उत्तर नव्हे. बँकेचा किंवा गॅस एजन्सीचा ‘कस्टमर केअर नंबर’ असा शोधणं तर सगळ्यात धोक्याचं. तो नंबर पासबुकावर, कार्डाच्या मागं किंवा गॅसच्या पुस्तकावरच पाहावा.

चांदूर रेल्वे की चांदूर बाजार?

साइटचा पत्ता वाचायची रीत या तालुक्यातल्या माणसाला वेगळी शिकवावी लागत नाही. जिल्ह्यात चांदूर दोन. नुसतं ‘चांदूर’ ऐकून गाडीत बसलं तर माणूस भलतीकडंच उतरतो. शेवटी ‘रेल्वे’ आहे की ‘बाजार’, त्यावर गाव ठरतं. साइटचंही तसंच आहे. सुरुवातीला काय लिहिलंय याला किंमत नाही, शेवटी काय आहे ते पाहायचं.

पत्त्यात पहिली तिरपी रेघ येते तिच्या अगदी आधीचे शब्द पाहा. तिथं ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असेल तर ती सरकारी साइट. हा शेवट सरकारी संस्थांनाच मिळतो. ‘पीएमकिसान डॉट जीओव्ही डॉट इन’ खरी. पण त्याच्या पुढं आणखी ‘डॉट ऑनलाइन’ किंवा ‘डॉट एक्सवायझेड’ जोडलेलं असेल, किंवा ‘पीएमकिसान-जीओव्ही डॉट कॉम’ असं काही असेल, तर ते चांदूर रेल्वेची पाटी लावून चांदूर बाजारला नेणं झालं.

नेहमी लागणारे काही खरे शेवट :

– सातबारा : ‘महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन’. नुसता पाहायला फुकट, डिजिटल सहीचा १५ रुपयांत.

– लाडकी बहीण आणि राज्याच्या इतर योजना : ‘महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन’.

– बँका : रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटावर यायला सांगितलं होतं. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो.

– सरकारी शेवट नसलेल्या काही खऱ्या साइटही आहेत : महावितरणची ‘महाडिस्कॉम डॉट इन’, रेल्वे तिकिटाची ‘आयआरसीटीसी डॉट को डॉट इन’. अशा साइट एकदा नीट तपासून ब्राउझरमध्ये ताऱ्याची खूण दाबून जपून ठेवाव्यात, म्हणजे पुन्हा शोधावं लागत नाही.

पत्त्याशेजारी कुलूप दिसलं म्हणजे साइट खरी, हा समज चुकीचा आहे. कुलूप एवढंच सांगतं की मधल्या वाटेत कुणी माहिती वाचत नाही. समोर बसलेला चोर आहे की साव, ते सांगत नाही. लोकांचा असा गैरसमज होतो म्हणूनच क्रोमनं २०२३ मध्ये ते कुलूप काढून टाकलं.

ब्राउझर मजबूत करायला पाच कामं

१. प्ले स्टोअरमधून क्रोम अपडेट करा. महिन्यातून एकदा तरी पाहा.

२. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, मग ‘सेफ ब्राउझिंग’. ‘स्टँडर्ड’ किंवा ‘एनहान्स्ड’ असावं. ‘नो प्रोटेक्शन’ असेल तर लगेच बदला.

३. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स’ शोधा. क्रोम, व्हॉट्सअ‍ॅप, फाइल मॅनेजर सगळ्यांसमोर ‘नॉट अलाउड’ असावं. हे एक बटण बंद असलं की बाहेरून आलेली एपीके चुकून दाबली तरी अ‍ॅप टाकलं जात नाही.

४. ‘साइट सेटिंग्ज’मध्ये लोकेशन, कॅमेरा, माइकची परवानगी कुठल्या साइटला आहे ते पाहा. नको त्या काढा.

५. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘गुगल’, मग ‘अ‍ॅड्स’मध्ये ‘डिलीट अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी’ करा. यानं जाहिराती कमी होत नाहीत, पण तुमच्या सवयी पाहून मागं लागणाऱ्या जाहिरातींना आळा बसतो.

जाहिराती अडवणारे ब्राउझर घ्यावेत का?

मोबाइलच्या क्रोममध्ये जाहिरात अडवणारं एक्स्टेन्शन टाकता येत नाही. फायरफॉक्समध्ये ‘यूब्लॉक ओरिजिन’ टाकता येतं, आणि ब्रेव्ह ब्राउझर मुळातच जाहिराती अडवतो. दोन्ही प्ले स्टोअरवर मोफत आहेत. पानं लवकर उघडतात, डेटा वाचतो. पण काही साइट अशा ब्राउझरमध्ये नीट चालत नाहीत. त्यामुळे अर्ज भरण्यासाठी क्रोम, बाकी वाचण्यासाठी दुसरा ब्राउझर, अशी वाटणी सोयीची.

दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. बातम्या, हवामान, बाजारभाव फुकटात देणाऱ्या बहुतेक साइट जाहिरातींवरच चालतात. नीट कडेला दिसणारी बियाण्याची किंवा दुकानाची जाहिरात आणि अंगावर येऊन फसवणारी जाहिरात, यात फरक आहे. विश्वासाच्या साइटसाठी अडवणूक बंद ठेवायची सोय या ब्राउझरमध्ये असते.

सेतू किंवा सीएससी केंद्रावरचा संगणक, किंवा दुसऱ्याचा फोन वापरताना ‘इनकॉग्निटो’ पान उघडून काम करावं, ‘पासवर्ड सेव्ह करायचा का’ला ‘नाही’ म्हणावं आणि निघताना लॉगआउट करावं.

दाबलं गेलं, आता काय?

नुसती जाहिरात उघडली आणि बंद केली, तर घाबरायचं कारण नाही. नोटिफिकेशनची यादी तेवढी तपासा.

एपीके टाकली गेली असेल तर आधी मोबाइल डेटा आणि वायफाय बंद करा. मग अ‍ॅप काढा, लागलं तर सेफ मोडमधून. बँकेला फोन करून नेट बँकिंग, यूपीआय थांबवायला सांगा. पासवर्ड आणि पिन दुसऱ्या, चांगल्या फोनवरून बदला. अशा वेळी फोन फॉरमॅट करणंही योग्य ठरतं, फक्त आधी फोटो आणि मेसेजचे पुरावे जपून ठेवा.

पैसे गेले असतील तर एक मिनिटही न दवडता १९३० वर फोन करा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतात. पहिल्या तासात तक्रार झाली तर ते मध्येच गोठवता येण्याची शक्यता सगळ्यात जास्त. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा. त्यानंतर ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’वर तक्रार नोंदवा. चांदूर रेल्वे पोलीस ठाण्यात किंवा अमरावती ग्रामीणच्या सायबर पोलीस ठाण्यातही जाता येतं.

बँकेला लेखी कळवणं विसरू नका आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान ग्राहकावर पडत नाही. ग्राहकानं स्वतः ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, पण कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून लाज वाटून गप्प बसणं सगळ्यात महाग पडतं.

पैसे गेले नाहीत, फक्त संशयास्पद मेसेज किंवा कॉल आला, तर ‘संचार साथी’च्या साइटवर किंवा अ‍ॅपवर ‘चक्षू’मध्ये कळवता येतं. केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्र’च्या साइटवर फोन साफ करायची साधनं मोफत मिळतात.

कायदा कुणाच्या बाजूनं?

फसव्या बटणांना, बातमीसारख्या दिसणाऱ्या जाहिरातींना, पुन्हा पुन्हा टोचणाऱ्या चौकोनांना आणि व्हायरसच्या खोट्या इशाऱ्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत मनाई केली आहे. अशा एकूण १३ प्रकारांची यादी त्यात आहे. तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते. पैशाच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आणली. त्यांची जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणजे रमीची जाहिरात दिसली तर ती देणाराच कायद्याबाहेर आहे. कर्जाच्या अ‍ॅपची यादी रिझर्व्ह बँकेनं जुलै २०२५ पासून आपल्या साइटवर ठेवली आहे. यादीत नाव नसेल तर त्या अ‍ॅपला आधार-पॅन देऊ नका.

भिंतीवर लावून ठेवावं असं थोडक्यात

– ‘अलाउ’ दाबण्याआधी एकदा वाचा. शंका आली तर ‘ब्लॉक’.
– व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके उघडू नका, पाठवणारा घरचा असला तरी. त्याचाही फोन हॅक झालेला असू शकतो.
– अ‍ॅप फक्त प्ले स्टोअरवरून.
– साइटचा शेवट पाहा, सुरुवात नाही.
– ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेल्यावर सरकारी काम करू नका.
– पैसे गेले तर १९३०, लगेच.

घरातल्या ज्या माणसाला मोबाइलचं थोडं जमतं, त्यानं आई-वडिलांच्या आणि आजी-आजोबांच्या फोनमधली नोटिफिकेशनची यादी आणि ‘अननोन अ‍ॅप्स’चं बटण एकदा बसून पाहावं. पुढचा हप्ता जमा व्हायच्या आधी झालं तर उत्तम.